डायलवर नाव एकच, आत गावं तीन

आज राजकारण नाही. म्हणजे वरवर पाहता नाही. विषय आहे जुन्या अमेरिकन मनगटी घड्याळांचा. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मला जुन्या घड्याळांचा नाद आहे हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. विकत घेण्याइतका खिसा नाही, त्यामुळे नाद मुख्यतः वाचण्याचा आणि विक्रीला आलेल्या घड्याळांचे फोटो मोठे करून बघण्याचा. त्यात एक नाव मला कायम अडवतं: 'इलिनॉय'. तीन घड्याळं शेजारी ठेवा. तिन्हींच्या डायलवर इलिनॉय लिहिलेलं. मागचं झाकण उघडलं की एक निघतं स्प्रिंगफील्ड गावातलं, दुसरं निघतं तिथून शेकडो मैल दूर असलेल्या लँकेस्टरचं आणि तिसऱ्याचं यंत्र चक्क स्वित्झर्लंडचं. नाव तेच, बनवणारे हात तीन ठिकाणचे.

हे का झालं, ते सांगतो. कारण कारखाने, कंपन्या आणि ब्रँड विकत घेण्याच्या बातम्या आपण रोज वाचतो आणि त्यात नेमकं काय विकलं गेलं हा प्रश्न बहुतेक वेळा विचारायचा राहून जातो.

सुरुवात स्प्रिंगफील्डपासून. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याची ही राजधानी. अब्राहम लिंकनचं गाव. लिंकननं वकिली इथेच केली आणि त्याचं दफनही इथेच झालं. १८६९-७० मध्ये इथल्या काही व्यापाऱ्यांनी पैसे एकत्र करून घड्याळांचा कारखाना काढायचं ठरवलं. पहिला अध्यक्ष जॉन टी. स्टुअर्ट, लिंकनचा वकिलीतला पहिला भागीदार. पैसा लावणाऱ्यांत बन घराणं पुढे होतं. किराणा आणि सावकारीतून वर आलेलं, लिंकनच्या बैठकीतलं. आणि कल्पना घेऊन आलेला माणूस म्हणजे जॉन सी. अ‍ॅडम्स. या माणसाचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गावोगाव जाऊन 'तुमच्याकडे घड्याळाचा कारखाना का नाही?' असं श्रीमंतांच्या गळी उतरवण्यात त्याचा हातखंडा होता. एल्जिनची प्रसिद्ध कंपनी उभी राहिली तेव्हाही तो त्यात होता.

सुरुवातीची वर्षं ओढाताणीची गेली. १८७३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली, कारखान्याला पैसा पुरेना. पुढे कंपनीची फेररचना झाली, 'इलिनॉय वॉच कंपनी' हे नाव आलं आणि सूत्रं जेकब बन यांच्याकडे गेली. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं हा कारखाना त्या एका घराण्याच्या हाती राहिला.

त्या काळात घड्याळ म्हणजे खिशातलं. आणि अमेरिकेत चांगल्या खिशातल्या घड्याळाचं सगळ्यात कडक गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या गाड्या, सिग्नलची व्यवस्था तोकडी, त्यामुळे कुठली गाडी कुठे थांबून दुसरीला वाट देणार हे घड्याळावर ठरायचं. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यात किप्टन इथे दोन गाड्यांची टक्कर झाली, माणसं मेली. एका इंजिन ड्रायव्हरचं घड्याळ मधेच चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, असं कारण पुढे आलं. त्यानंतर क्लीव्हलंडचे जवाहीर वेब बॉल यांच्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी आली आणि नियम कडक झाले. आठवड्यात तीस सेकंदांहून जास्त फरक चालणार नाही, आकडे ठळक हवेत, घड्याळ ठरलेल्या मुदतीत तपासून घ्यायचं.

या परीक्षेत इलिनॉयची घड्याळं पहिल्या रांगेत होती. 'बन स्पेशल' आणि 'सँगामो स्पेशल' ही नावं आजही संग्राहक आदरानं घेतात. एकदा चावी दिली की साठ तास चालणारी बन स्पेशल घड्याळं त्यांनी काढली. अचूक वेळेसाठी कारखान्याची स्वतःची वेधशाळा होती; ताऱ्यांवरून वेळ घ्यायची आणि ती कारखान्यातल्या घड्याळांना द्यायची. 'ए. लिंकन' नावाचंही एक यंत्र होतं. आपल्या गावाचा अभिमान ते असे घड्याळावर कोरत होते.

मग पहिलं महायुद्ध आलं. खंदकात खिशातून घड्याळ काढत बसायला सवड नसते, त्यामुळे सैनिकांच्या मनगटावर घड्याळ आलं आणि युद्धानंतर ते तिथेच राहिलं. तोवर मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जायचा. १९२०चं दशक संपता संपता पुरुषांच्या मनगटी घड्याळांनी खिशातल्या घड्याळांचा बाजार खायला घेतला. इलिनॉयनं इथे जी कमाल केली ती बघण्यासारखी आहे. चौकोनी, पिंपाच्या आकाराच्या, कमानदार केस. कडेनं बारीक कोरीवकाम, कुठे मीनाकारी. नावं एकेक ऐका: 'पिकॅडिली', 'जॉली रॉजर', 'चीफटन', 'कॉन्सुल', 'मार्क्विस', 'रिट्झ'. रेल्वेची घड्याळं बनवणाऱ्या गंभीर कारखान्याला अचानक नाचायची लहर आली असावी, असं त्या घड्याळांकडे बघून वाटतं.

पण याच सुमारास मालकी बदलत होती. धाकटे जेकब बन १९२६ साली वारले. वारसांनी कंपनी विकायला काढली आणि १९२७-२८ मध्ये ती पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टरच्या हॅमिल्टन वॉच कंपनीनं घेतली.

हॅमिल्टन हे नाव आज आपल्याकडच्या मॉलमध्येही दिसतं. तिचा जन्मही मजेदार आहे. १८९२ साली ती उभी राहिली दोन गेलेल्या कंपन्यांच्या सामानावर. एक लँकेस्टरमधलीच, दुसरी इलिनॉय राज्यातल्या ऑरोरा गावची, जिची यंत्रसामग्री लँकेस्टरला आणली. नाव दिलं ते लँकेस्टर वसवणाऱ्या हॅमिल्टन घराण्याचं. आणि लँकेस्टरमध्ये पहिला घड्याळ कारखाना १८७४ साली कुणी काढला होता? अ‍ॅडम्स आणि पेरी. त्यातला अ‍ॅडम्स म्हणजे तोच आपला जॉन सी. अ‍ॅडम्स! स्प्रिंगफीडला ज्यानं बी पेरलं, त्यानंच लँकेस्टरलाही पेरलं होतं. पन्नास-पंचावन्न वर्षांनी एका झाडानं दुसरं गिळलं.

स्पर्धक विकत घेतला की त्याचे दुकानदार मिळतात, त्याचं गिऱ्हाईक मिळतं, त्याचं नाव मिळतं. हॅमिल्टननं आधी स्प्रिंगफील्डचा कारखाना चालू ठेवला. मगाशी सांगितलेल्या नाचऱ्या घड्याळांपैकी बरीचशी या नव्या मालकाच्या काळातली आहेत. डायलवर इलिनॉय, हात स्प्रिंगफील्डचे, गल्ला हॅमिल्टनचा. हे आपलं पहिलं घड्याळ.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. पुढची दोन-तीन वर्षं अमेरिकेत काय झालं ते वेगळं सांगायला नको. नोकरी गेलेला माणूस आधी घड्याळ घ्यायचं थांबवतो. ज्या कंपनीकडे दोन कारखाने आणि गिऱ्हाईक अर्ध्याहून कमी, ती कुठला बंद करणार? आपलं घर कुणी बंद करत नाही. १९३२च्या सुमारास स्प्रिंगफील्डमधलं घड्याळांचं काम थांबलं. साठ वर्षांत तिथल्या घड्याळांवरचे क्रमांक पन्नास लाखांच्या पुढे गेले होते. घड्याळ कंपनीच्याच पोटातून जन्मलेली, विजेचे मीटर बनवणारी सँगामो इलेक्ट्रिक ही कंपनी गावात तेवढी मागे राहिली.

इथे जरा थांबा. घड्याळाच्या कारखान्यात काम करणारा माणूस म्हणजे केसापेक्षा बारीक स्प्रिंग चिमट्यानं वळवणारा, काचेतून बघत दाताएवढ्या चाकाचे दात तासणारा. हे काम पुस्तकातून येत नाही. शेजारी बसून, वर्षानुवर्षं बघून, हात बसल्यावर येतं. गावात तीन पिढ्या ते काम करतात तेव्हा ते गावाच्या अंगात मुरतं. असा कारखाना बंद होतो तेव्हा ताळेबंदात इमारत दिसते, यंत्रं दिसतात, नाव दिसतं. अंगात मुरलेलं दिसत नाही.

आता दुसरं घड्याळ. मंदी ओसरल्यावर, १९३०च्या दशकाच्या शेवटी, हॅमिल्टनला कपाटात ठेवलेल्या नावाची आठवण झाली. थोड्या काळासाठी इलिनॉय नावाची मनगटी घड्याळं पुन्हा बाजारात आणली. पण ही बनली लँकेस्टरमध्ये, हॅमिल्टनच्या कारखान्यात. घड्याळ उत्तम होतं, त्यात शंका नाही. हॅमिल्टनचं काम कच्चं नसायचंच. फक्त स्प्रिंगफील्डचा त्यात काही वाटा नव्हता. हा प्रयोग फार टिकला नाही. लवकरच युद्ध आलं आणि १९४२ मध्ये हॅमिल्टननं साध्या गिऱ्हाइकांसाठीची घड्याळं बंद करून सगळा कारखाना लष्कराच्या कामाला लावला. नौदलासाठी हजारो सागरी क्रोनोमीटर तिथे बनले. त्यामुळे लँकेस्टरची इलिनॉय मनगटी घड्याळं आज कमी सापडतात. संग्राहक ती शोधत असतात. दुर्मिळ आहेत म्हणून. मला ती वेगळ्या कारणासाठी रोचक वाटतात. गाव गेल्यावर नाव किती दिवस चालतं, याचा तो पुरावा आहे.

तिसरं घड्याळ १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचं. नाव पुन्हा कपाटातून बाहेर आलं. यावेळी आतलं यंत्र स्वित्झर्लंडहून आयात केलेलं होतं. आणि इथे तो विषय येतो जो मी सुरुवातीला 'वरवर पाहता नाही' म्हटलं होतं.

१९३६ साली अमेरिका आणि स्वित्झर्लंड यांच्यात व्यापार करार झाला आणि स्विस घड्याळांवरची जकात कमी झाली. युद्धात अमेरिकन कारखाने लष्कराचं काम करत होते तेव्हा मोकळा झालेला बाजार स्विस यंत्रांनी भरला. युद्धानंतर अमेरिकन कारखानदार सरकारच्या दारी गेले. म्हणणं असं: घड्याळाचा कारागीर हा देशाच्या संरक्षणाचा भाग आहे, बॉम्बचे फ्यूज आणि जहाजांचे क्रोनोमीटर हेच हात बनवतात, हे हात गेले तर पुन्हा मिळणार नाहीत. जुलै १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी घड्याळांच्या यंत्रांवरची जकात ५० टक्क्यांपर्यंत वाढवली.

युक्तिवाद खरा होता, मला तो पटतोही. पण गंमत बघा. हात वाचवा म्हणणाऱ्या कंपन्यांपैकी काही स्वतःच स्विस यंत्रं आणून आपल्या नावाखाली विकत होत्या. हॅमिल्टनचं स्विस 'इलिनॉय' त्यातलंच. हातांच्या नावानं संरक्षण मागायचं आणि धंदा मात्र नावावर करायचा. आपल्याकडेही स्वदेशीच्या गप्पा चालू असतात तेव्हा मला हे घड्याळ आठवतं. झाकण उघडून बघायची सवय असावी.

आता एक उलटी गोष्ट सांगतो, त्याच काळातली. ओहायो राज्यात कँटन गावी ड्यूबर-हॅम्पडेन नावाचा जुना घड्याळ कारखाना होता. १९२७ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. १९३० साली सोव्हिएत सरकारनं तो घेतला. त्यांना हॅम्पडेन या नावाचं काहीही पडलेलं नव्हतं. त्यांनी यंत्रं, अर्धवट तयार भाग, सुटे भाग मालगाडीच्या डब्यांत भरून मॉस्कोला नेले. आणि सोबत कँटनचे २१ कारागीर नेले, रशियन मुलांना काम शिकवायला. त्यातून मॉस्कोचा पहिला घड्याळ कारखाना चालू झाला. १९६१ साली युरी गागारिन अवकाशात गेला तेव्हा त्याच्या मनगटावर त्याच कारखान्याचं घड्याळ होतं.

दोन सौदे, दोन-तीन वर्षांच्या अंतरानं. हॅमिल्टनकडे शेवटी नाव उरलं. सोव्हिएतांनी यंत्रं आणि शिकवणारे हात घेतले, नाव तिथेच टाकलं. तीस वर्षांनी कुणाच्या हाती काय होतं, ते समोर आहे. स्टालिनच्या राज्याचं कौतुक करायचा माझा बेत नाही, कृपया कमेंटमध्ये त्यावर युद्ध नको. फक्त खरेदी कशाची केली, एवढंच बघा.

आणि हॅमिल्टनचं पुढे काय झालं? १९५७ साली त्यांनी बॅटरीवर चालणारं 'व्हेंचुरा' आणलं, तिरक्या ढालीसारखं. एल्विस प्रेस्लीनं सिनेमात घातलेलं. १९६६ मध्ये त्यांनी ब्यूरेन ही स्विस कंपनी घेतली. १९६९ मध्ये लँकेस्टरमधलं घड्याळांचं उत्पादन थांबलं. १९७४ पर्यंत हॅमिल्टन हे नावच स्विस समूहाकडे गेलं, आज ते स्वॉच समूहात आहे. डायलवर आता 'स्विस मेड' असतं. लँकेस्टरच्या कारखान्याचं निवासी संकुल झालं. त्याला म्हणतात 'क्लॉक टॉवर्स'. लोअर परळच्या फिनिक्समध्ये खरेदीला गेलेल्या कुणालाही हे नवं वाटणार नाही. मिल गेली, नाव राहिलं, चिमणीचा फोटो राहिला. स्प्रिंगफील्डचं नाव ज्यानं कपाटात ठेवलं होतं, त्याचंही नाव शेवटी कुणाच्या तरी कपाटात गेलं.

आपल्याकडची घड्याळाची गोष्टही थोडक्यात. १९६१ साली एचएमटीनं जपानच्या सिटिझनबरोबर करार केला आणि बंगळूरला कारखाना काढला. आपण तंत्र घेतलं, माणसं शिकवली आणि नाव आपलं लावलं. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कांचन' ही नावं कित्येकांच्या घरच्या कपाटात अजून टिकटिकत असतील. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. दुसरीकडे फाव्र-लूबा ही स्विस कंपनी, जिचा मुंबईशी १८६५ पासून संबंध, तिचं नाव २०११ साली टायटननं विकत घेतलं आणि नंतर ते दुसऱ्या भारतीय समूहाकडे गेलं. म्हणजे परदेशी नाव विकत घेण्याइतके आपण मोठे झालो, आनंद आहे. पण त्याच काळात देशी कारखान्यातले हात घरी गेले, हेही त्याच वहीत लिहायला हवं.

ज्यांना खरंच असं घड्याळ घ्यायचं आहे त्यांच्यासाठी कामाचं. विकणारा 'इलिनॉय, अमेरिकन, दुर्मिळ' एवढंच म्हणत असेल तर आतल्या यंत्राचा फोटो मागा. यंत्रावर स्प्रिंगफील्ड कोरलेलं असेल तर ते मूळ गावचं. अमेरिकेत आयात झालेल्या यंत्रावर 'स्विस' हा शिक्का आणि ज्वेलची संख्या कायद्यानं लिहावी लागायची. अनेकदा बॅलन्स चाकावरच्या पुलावर आयातदाराची तीन अक्षरी खूणही असते. केस एकाची, यंत्र दुसऱ्याचं, डायल नव्यानं रंगवलेली, असे जोडलग्नाचे प्रकार भरपूर आहेत. फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

आणि ज्यांना घड्याळ घ्यायचं नाही त्यांच्यासाठीही तेच सांगेन. उद्या पेपरात बातमी येईल की अमुक जुना उद्योग तमुकनं विकत घेतला, 'वारसा जपला जाणार'. तेव्हा तीन गोष्टी विचारा. नाव कुणाला मिळालं? यंत्रं कुठे जाणार? आणि काल सकाळपर्यंत तिथे काम करणारी माणसं उद्या सकाळी कुठे जाणार? पहिल्याचं उत्तर बातमीत असतं. दुसऱ्याचं कधीकधी. तिसऱ्यासाठी झाकण उघडावं लागतं.

तुमच्या घरात, नात्यात कुणी घड्याळाच्या कारखान्यात किंवा दुरुस्तीच्या दुकानात काम केलं असेल तर त्यांच्या आठवणी कमेंटमध्ये जरूर लिहा. ही माहिती कुठल्याच ताळेबंदात मिळत नाही.